हाली सिक्का : लाखाचा की कवडीमोलाचा?

मराठवाड्यातल्या जुन्या घरात, मग ते मुसलमानाचं असो, मराठ्याचं असो की मारवाड्याचं, एखाद्या पेटीच्या तळाशी निजामाची दोन-चार नाणी सापडतातच. वाटण्या झाल्या, जुना वाडा पाडायला काढला किंवा घरातलं वडीलधारं माणूस गेलं की ती वर येतात. मग घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, ‘एवढं जुनं आहे, लाखात जाईल.’ दुसरा म्हणतो, ‘निजामाचं भंगार ते, मोडीत टाका.’ गेल्या काही वर्षांत अशी नाणी घेऊन बरेच जण माझ्याकडे आले. मी काही सराफ नाही की नाणेतज्ज्ञ नाही. मला उर्दू वाचता येतं, एवढंच कारण.

माझं निरीक्षण असं की हे दोन्ही पक्ष नाणं न वाचताच निकाल देतात. एकाला वयाचं कौतुक असतं, दुसऱ्याला नावाचा राग. नाण्यावर काय लिहिलंय, ते कोणत्या धातूचं आहे, किती झिजलंय, हे कुणीच पाहत नाही. या अज्ञानाची किंमत लोक रोख मोजतात. कुणी फसवणुकीला बळी पडतं, कुणी शंभर वर्षांचा दस्तऐवज भट्टीत घालतं. म्हणून इथं सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या काळातल्या साध्या नाण्यांबद्दल लिहितो आहे. ती स्वस्त आहेत, मुबलक आहेत आणि आपल्या घरातली आहेत. पारख शिकायला याहून चांगलं साधन नाही.

हाली म्हणजे काय?

निकाह पढवताना मेहरची रक्कम सांगितली जाते, तेव्हा ‘सिक्का रायजुलवक्त’ हे शब्द तुम्ही ऐकले असतील. त्याचा अर्थ, सध्या चलनात असलेलं नाणं. ‘हाली सिक्का’चा अर्थही तोच. हाल म्हणजे वर्तमान. आपण रोज बोलतो त्या ‘हल्ली’चं मूळही हेच. म्हणजे हाली सिक्का हे हल्लीचं, चालू नाणं. आज तेच नाणं चालत नाही, ही काळाची गंमत.

आसफजाही घराण्याची सुरुवात १७२४ची. पण पुढची सव्वाशेहून अधिक वर्षं हैदराबादच्या नाण्यांवर नाव दिल्लीच्या मुघल बादशहाचंच होतं. १८५७च्या उठावानंतर बहादूरशाह जफर रंगूनला गेले, मुघल बादशाहत संपली आणि नाण्यांवर ‘निजामुल्मुल्क आसफजाह बहादूर’ हा किताब आला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीस, सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या काळात, यंत्रावर पाडलेली चारमिनारची नाणी निघाली. १९११मध्ये उस्मान अली खान गादीवर आले आणि त्यांच्या कारकिर्दीत हीच मालिका पुढं चालू राहिली. ब्रिटिशांच्या राजाचं नाव किंवा मुखवटा या नाण्यांवर कधी आला नाही.

हे चलन हैदराबाद शहरापुरतं नव्हतं. १९४१च्या जनगणनेत संस्थानाची लोकसंख्या सुमारे १ कोटी ६३ लाख होती. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे मराठी जिल्हे त्यातच होते. जोंधळा, कापूस, मजुरी, सारा, सगळा व्यवहार हालीत चाले. पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली आणि १९१८पासून संस्थानानं कागदी नोटाही काढल्या. त्या नोटांवर उर्दू-इंग्रजीबरोबर तेलुगू, कन्नड आणि मराठीतही किंमत छापलेली असे. नाण्यावर मात्र मराठी नव्हती. मराठवाड्यातला शेतकरी ते अक्षरानं ओळखत नव्हता. आकार, रंग आणि वजन यावरून ओळखत होता.

संस्थानाबाहेर इंग्रजांचा रुपया चाले. त्याला ‘कलदार’ म्हणत. कल म्हणजे यंत्र. दोन्ही रुपयांचा सरकारी दर होता १०० कलदारांना ११६ रुपये १० आणे ८ पै हाली. सोप्या भाषेत, ६ कलदारांना ७ हाली. हा विचित्र वाटणारा आकडा आला कुठून? कलदार रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम आणि त्यात सुमारे ९१.७ टक्के चांदी. म्हणजे शुद्ध चांदी १०.६९ ग्रॅम. हाली रुपया ११.१८ ग्रॅमचा, चांदी ८१.८ टक्के. शुद्ध चांदी ९.१४ ग्रॅम. आता भागाकार करून पाहा. १०० कलदारांतली चांदी जवळजवळ ११७ हाली रुपयांतल्या चांदीएवढी भरते. दर सरकारनं ठरवला असला तरी त्याच्या मुळाशी धातूचा हिशोब होता.

एक नाणं देऊन दुसरं घेताना जी कपात होई, तिला बट्टा म्हणत. ‘नावाला बट्टा लागला’ हा वाक्प्रचार तिथूनच आपल्या बोलण्यात आला. ‘सराफ’ हा शब्दही अरबीच. पारख करणाऱ्यांची भाषा दखनमध्ये अशी सगळ्यांची मिळून तयार झाली आहे.

१७ सप्टेंबर १९४८ला संस्थान भारतात आलं. तरी हाली सिक्का दुसऱ्या दिवशी बंद झाला नाही. काही वर्षं तो भारतीय रुपयाच्या जोडीनं चालला आणि १९५०च्या दशकात टप्प्याटप्प्यानं चलनातून गेला. तेव्हा जी नाणी बदलून घ्यायची राहिली, तीच आज पेट्यांमध्ये सापडतात.

आधी वाचा, मग किंमत करा

नाणं हातात आलं की पहिला प्रश्न ‘किती येतील?’ हा असतो. पहिला प्रश्न ‘हे काय आहे?’ हा असायला हवा.

उस्मान अली खान यांच्या रुपयावर एका बाजूला चारमिनार आहे. त्याच्या मधल्या कमानीत एक अक्षर दिसेल. ते ‘ऐन’ असेल तर नाणं उस्मान अली खान यांचं, कारण त्यांच्या नावाचं ते पहिलं अक्षर. ‘मीम’ असेल तर ते महबूब अली खान यांचं. सुरुवातीच्या काही नाण्यांवर हा ऐन अर्धवट दिसतो, पुढं तो पूर्ण येतो. संग्राहक हे दोन वेगळे प्रकार मानतात. तांब्याच्या लहान नाण्यांवर चारमिनार नसतो, तिथं तुग्रा म्हणजे वळणदार अक्षरांत गुंफलेला किताब असतो.

नंतर साल पाहा. अक्षरं उजवीकडून डावीकडं वाचायची, पण आकडे आपल्यासारखेच डावीकडून उजवीकडं. एक म्हणजे उभी रेघ, शून्य म्हणजे नुसता ठिपका. सात हा वर उघडलेल्या कोनासारखा आणि आठ म्हणजे तोच कोन उलटा. नाणं झिजलं की शून्याचा ठिपका सर्वात आधी जातो. मग १३४० हिजरीचं नाणं १३४चं वाटतं आणि घरात बाराशे वर्षांपूर्वीचा खजिना सापडल्याची आवई उठते.

हिजरी सालाचं इसवी सन काढायला एक ढोबळ रीत आहे. हिजरी आकड्याला ०.९७नं गुणा आणि त्यात ६२२ मिळवा. चौकोनी एक आण्यावर १३५६ असेल तर १३१५ अधिक ६२२, म्हणजे साधारण १९३७. नाण्यावर दुसरं सालही असतं, ते जुलूस म्हणजे राज्यारोहणाचं वर्ष. उस्मान अली खान १३२९ हिजरीच्या रमजानमध्ये गादीवर आले. म्हणून हिजरी सालातून १३२९ वजा केले की साधारणपणे तोच आकडा किंवा त्याहून एकानं जास्त आकडा जुलूस म्हणून यायला हवा. १३४० हिजरीच्या नाण्यावर ११ किंवा १२. याच्याशी अजिबात न जुळणारा आकडा दिसला तर नाणं पुन्हा नीट पाहावं.

आता सर्वात जास्त गोंधळ घालणारा आकडा, ९२. मुघल बादशहाचं नाव गेल्यानंतरच्या हैदराबादी नाण्यांवर तो येतो. आपल्याकडं ७८६ जसा बिस्मिल्लाहसाठी लिहितात, तसा हा अबजद पद्धतीचा आकडा आहे. मीमचे ४०, हेचे ८, पुन्हा मीमचे ४० आणि दालचे ४. बेरीज ९२. हे ‘मुहम्मद’ या नावाचं अंकमूल्य. आकडे ओळखणारा पण अबजद न जाणणारा माणूस ते साल समजतो. ९२ हिजरी म्हणजे इसवी सन ७१०-७११, मुहम्मद बिन कासिमच्या सिंध स्वारीचा काळ. ‘तेराशे वर्षांचं नाणं’ असं मला एकांनी अगदी गंभीरपणे सांगितलं होतं. मी त्यांना एवढंच म्हणालो, ‘चाचा, चारमिनार बांधला १५९१मध्ये. मग त्याच्या आधीच्या नाण्यावर तो कुठून येणार?’ ते स्वतःच हसायला लागले. पारखीला असा साधा तर्क पुष्कळ उपयोगी पडतो.

आणखी एक गोष्ट. फारसी अक्षरं दिसली की आपल्याकडं नाण्याला सरसकट ‘निजामाचं’ किंवा ‘मुसलमानी’ म्हणून टाकतात. नाण्यावर अंकुशाची खूण असेल तर जरा थांबा. मराठ्यांच्या टांकसाळींतून निघालेल्या अंकुशी रुपयांवरही फारसी अक्षरं आहेत आणि नाव शाह आलमसारख्या मुघल बादशहाचं आहे. व्यापाऱ्यांचा विश्वास त्या नावावर आणि त्या घडणीवर बसलेला होता, म्हणून टांकसाळ कुणाचीही असली तरी मजकूर तोच राहिला. लिपीवरून मालकाचा धर्म काढायची आजची सवय त्या काळाला लावता येत नाही.

दशा कशी ओळखायची?

नाणं ओळखता आलं की मग त्याची दशा पाहायची. त्यासाठी दहा पट मोठं दाखवणारं भिंग, शंभरांश ग्रॅम दाखवणारा छोटा काटा आणि एक लोहचुंबक पुरे. सगळं मिळून फार खर्च नाही.

लोहचुंबकापासून सुरू करा. चांदी, तांबं, कांसं चुंबकाला चिकटत नाही. हाली रुपया चिकटला तर तो संशयास्पद. पण इथं घाई नको. १३६६ हिजरीपासून, म्हणजे १९४७च्या सुमारास, दोन आणे, चार आणे अशी लहान चांदीची नाणी निकेलमध्ये निघू लागली. निकेल चुंबकाला चिकटतं. त्या काळातला चवलीचा तुकडा चिकटला म्हणून तो खोटा ठरत नाही. साल वाचल्याशिवाय चाचणीचा अर्थ लागत नाही, तो असा.

वजन त्यानंतर. रुपया ११.१८ ग्रॅमच्या आसपास हवा. वापरानं थोडं वजन घटतं, ते चालतं. अर्धा-पाऊण ग्रॅम कमी भरला तर कड घासलेली आहे का, की तो ओतीव नकली आहे, ते पाहावं. ओतीव नाण्याची अक्षरं साबणासारखी गुळगुळीत, कडा बोथट आणि पृष्ठभागावर बारीक छिद्रं दिसतात. कधी कडेवर साच्याची रेघही सापडते.

मग झीज. नाण्याचा उंच भाग आधी झिजतो. रुपयावर मिनारांची टोकं आणि कमानीतला ऐन पाहा. तांब्याच्या दोन पैवर तुग्र्याच्या रेषा एकमेकींपासून सुट्या दिसतात का ते पाहा. फक्त बाह्यरेषा उरली असेल आणि साल कसंबसं वाचता येत असेल तर दशा साधारण. मुख्य मजकूर स्पष्ट, पण बारीक काम सपाट, अशा नाण्याला बाजारात ‘फाइन’ म्हणतात. बारीक काम बरंच शिल्लक असेल तर ‘व्हेरी फाइन’, झीज फक्त टोकांवर असेल तर ‘एक्स्ट्रा फाइन’. जे चलनात फिरलंच नाही, ज्याच्यावर टांकसाळीची मूळ झळाळी आहे, ते ‘अनसर्क्युलेटेड’. काही वेळा ठसाच हलका बसलेला असतो. तेव्हा एखादा भाग सपाट दिसतो, पण त्याची चमक शाबूत असते. ही झीज नव्हे.

छिद्राचंही तसंच. रुपयाला किंवा चवलीला छिद्र असेल, मागं डागल्याची खूण असेल, तर ते नाणं कुणाच्या तरी गळ्यातल्या माळेत होतं. संग्राहकाच्या लेखी त्याची किंमत निम्म्याहून खाली येते. पण १३६२ हिजरीनंतरच्या दोन पैला मधोमध छिद्र आहे ते टांकसाळीतलंच. तिथं मजकूर छिद्राला वळसा घालून बसवलेला आहे. खिळ्यानं पाडलेल्या छिद्राभोवती धातू एका बाजूला दबलेला आणि दुसऱ्या बाजूला वर आलेला दिसतो.

सर्वात महत्त्वाचं म्हणजे नाणं घासू नका. आपल्याकडं तांब्याचं भांडं दिसलं की चिंच-मीठ लावायचा हात आपोआप पुढं होतो. चिंचेतलं आम्ल वर्षानुवर्षांत चढलेलं तपकिरी पुट काढतंच, शिवाय धातूची वरची पातळ कातडीही नेतं. नाणं गुलाबी, चकचकीत आणि निर्जीव होतं. जाणकार ते लांबूनच ओळखतो आणि भाव पाडतो. गडद, एकसारखं पुट हे नाण्याचं संरक्षण आहे. फिकट हिरवी भुकटी सुटत असेल तर मात्र तो गंज आहे, असं नाणं इतरांपासून वेगळं आणि कोरडं ठेवावं. नाणं कडेनं धरावं, कागदी पाकिटात ठेवावं. फरशीवर आपटून आवाज ऐकायची जुनी रीत सराफांची होती, त्यानं कड चेपते.

मग किंमत किती?

वय हे किमतीचं कारण नाही. हजार-बाराशे वर्षांपूर्वीची काही तांब्याची नाणी आजही शे-दोनशे रुपयांत मिळतात, कारण ती हंड्यांनी सापडली. किंमत तीन गोष्टींवर ठरते. असं नाणं किती शिल्लक आहे, हातातलं कोणत्या दशेत आहे आणि ते घ्यायला किती जण तयार आहेत.

हाली तांब्याची नाणी प्रचंड संख्येनं पाडली गेली. कोट्यवधी लोकांचा रोजचा बाजार त्यांच्यावर चालला. त्यामुळं झिजलेली दोन पै आज एक-दोन प्लेट पोह्यांच्या किमतीत मिळते. तेच नाणं मूळ झळाळीसह, न घासलेलं असेल तर किंमत कित्येक पट होते. एखादं कमी पाडलेलं साल किंवा वेगळा प्रकार असेल तर आणखी. रुपयाचं गणित थोडं वेगळं. त्यात ९.१४ ग्रॅम चांदी आहे, म्हणून त्या दिवसाच्या चांदीच्या भावानं त्याची किमान किंमत तुम्ही घरीच काढू शकता. त्याच्या खाली कुणी मागत असेल तर देऊ नका. तांब्याच्या नाण्याला असा आधार नाही, त्याची किंमत फक्त संग्राहकाच्या आवडीत असते.

दुकानात ज्या दरानं नाणं विकलं जातं, त्या दरानं दुकानदार ते तुमच्याकडून घेणार नाही. हा त्याचा धंदा आहे, फसवणूक नव्हे. फसवणूक वेगळीच चालते. फोनवर कुणी सांगतं की तुमच्या नाण्याचे सात लाख देतो, फक्त नोंदणीचे दोन हजार आधी पाठवा. मग कराचे पाच हजार. मग आणखी काही. माझ्या ओळखीच्या एका निवृत्त शिक्षकांचे अशा प्रकारात पेन्शनमधले पैसे गेले आणि नाणं अजून त्यांच्याच कपाटात आहे. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१मध्ये याबद्दल लोकांना सावध केलं होतं. बँक अशा व्यवहारात नसते आणि त्यासाठी शुल्क किंवा कमिशनही मागत नाही, असं तिनं स्पष्ट सांगितलं होतं. विकत घेणारा आधी पैसे देतो, मागत नाही. एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

कायद्याचीही दोन कलमं माहीत असावीत. १९७२च्या कायद्यानुसार शंभर वर्षांवरचं नाणं पुरावस्तू ठरतं आणि ते खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही. सातव्या निजामांची सुरुवातीची नाणी आता त्या मर्यादेत आली आहेत. आणि वाड्याच्या पायात किंवा शेतात जमिनीखाली हंडा सापडला तर १८७८च्या कायद्यानं जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. असे हंडे गुपचूप वाटून वितळवले गेल्यानं दखनच्या इतिहासाचं झालेलं नुकसान मोजता येणार नाही.

भंगार म्हणणाऱ्यांसाठी

आता दुसऱ्या पक्षाकडं वळतो. निजामाच्या राजवटीबद्दल मराठवाड्यात राग आहे. जहागिरी, सारा, रझाकारांचा काळ, हे सगळं घडलेलं आहे आणि ते झाकायचं कारण नाही. संस्थानातला सामान्य मुसलमान शेतकरी, विणकर, मजूर हाही त्याच सरंजामी व्यवस्थेखाली होता, हेही तितकंच खरं आहे. पण नाणं वितळवून राजवटीचा हिशोब होत नाही. नाण्यावर किताब निजामाचा असला तरी त्याची झीज राज्यकर्त्याची नाही. ती आठवडी बाजारातल्या भाजीवालीची, हमालाची, बिडी वळणाऱ्या बाईची आहे. त्या माणसांनी आपल्यामागं कागद ठेवले नाहीत. त्यांच्या बोटांचा पुरावा या तांब्यावर आहे.

तेव्हा घरात हाली सिक्का निघाला तर तो विकायचा की ठेवायचा हा निर्णय तुमचा. मात्र त्याआधी एक काम करा. उर्दू वाचणारं कुणी वडीलधारं माणूस गावात असेल तर त्यांच्याकडून मजकूर वाचून घ्या, कारण अशी माणसं दरवर्षी कमी होत आहेत. मग एका कागदावर साल, वजन, धातू लिहा. नाणं कुणाकडून आलं, कोणत्या गावातलं, घरात कोण काय काम करत होतं, तेही लिहा आणि तो कागद नाण्यासोबत पाकिटात ठेवा. त्यानं बाजारभाव वाढेलच असं नाही. पण पुढच्या पिढीच्या हातात ते येईल तेव्हा तिला ते नुसतं जुनं नाणं वाटणार नाही.